नांद्रुक

“हे झाड कुठं आहे हो?” असं त्या माणसानं विचारलं, आणि गंगाधरला फार आनंद झाला. सांगलीच्या त्या प्रदर्शनात तो सकाळपासून आपल्या चित्राशेजारी उभा होता. साताऱ्याहून चादरीत गुंडाळून, आगगाडीत दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून त्यानं ते चित्र आणलं होतं, आणि सकाळपासून लोक त्याच्यासमोर थांबून जे काही बोलत होते ते ऐकून त्याचं डोकं उठलं होतं. एका वकिलांच्या पत्नी म्हणाल्या होत्या, खाली एखादी सावित्री बसवली असतीत तर किती शोभलं असतं. लाकडाची वखार असलेले एक गृहस्थ मान तिरकी करून बुंध्याचा घेर अजमावत राहिले आणि लढाईमुळे पेट्रोल आटून कोळशावर मोटारी चालायला लागल्यापासून असली झाडं आता कुठं शिल्लक राहताहेत, असं म्हणून पुढच्या चित्राकडे गेले. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर चष्मा वरखाली करत बराच वेळ काढला आणि शेवटी विचारलं, “ठीक आहे, पण यातून बोध काय घ्यायचा?” बोध! गंगाधर कसंनुसं हसला होता. शाळेत ड्रॉइंग शिकवून शिकवून त्याला ते हसू आता आपोआप यायचं. आणि मग हा माणूस आला होता. साधा लांब कोट, काळी टोपी, जाड मिशा. तो कितीतरी वेळ नुसता बघत उभा राहिला, एकदा मागे सरला, एकदा जवळ आला, आणि त्यानं विचारलं ते थेट झाडाबद्दल. बोध नाही, सावित्री नाही. झाड कुठं आहे? गंगाधरनं त्याला सगळं सांगितलं. उंब्रजच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. वडील तिथं शाळामास्तर होते. नांद्रुक आहे ते, वड नव्हे, पारंब्या नसतात त्याला, तरी लोक वड समजतात. तो माणूस मन लावून ऐकत होता, मध्येच “ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?” असंही विचारत होता, आणि निघताना त्यानं गंगाधरचा हात हातात घेऊन “फार उपकार झाले” असं म्हटलं. परतीच्या गाडीत चित्र गुडघ्यांत धरून बसलेल्या गंगाधरला सारखं वाटत होतं, की चाळिशी आली, पण एक तरी रसिक भेटला.

खरं म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत तो त्या झाडाकडे फिरकलाही नव्हता. गरजच पडली नव्हती. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा असेल, आणि त्या दिवसांतलं त्याला जे आठवे ते दुःख नव्हतं, वैताग होता. घर बायकांनी भरलेलं. जी येईल ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, त्याला पोटाशी धरायची, त्याच्या केसांत रडायची. त्यांच्या लुगड्यांना येणारा चुलीचा, हळदीचा, घामाचा वास त्याच्या नाकात बसला होता. कुणी लाडू हातात द्यायचं, कुणी विचारायचं, “आईची आठवण येते का रे बाळा?” आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचं. मग तो पळून ओढ्यावर जायचा. नांद्रुकाच्या दोन मुळ्या जमिनीतून वर आलेल्या होत्या, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांसारख्या. त्यांच्या मधल्या खोलगटात तो उताणा पडायचा. झाड त्याला काही विचारायचं नाही. वर हरोळ्या, ती हिरवी रानकबुतरं, फळं खात असायच्या, अर्धी खाल्लेली फळं टपटप अंगावर पडायची, आणि बुंधा त्याच्या डोक्याशी सुरू होऊन वर वर निघून जायचा. पाठ फिरवून चाललेल्या मोठ्या माणसासारखा, पण न रागावता. आकाश दिसायचंच नाही. हे सगळं त्यानं अलीकडच्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत काढलं, माजघराच्या कोपऱ्यात बसून, आठवणीतून. बुंधा निळसर झाला, मुळ्या तांबूस, जांभळ्या झाल्या, झाड चौकटीत मावेना म्हणून त्यानं ते मावू दिलं नाही. त्याची बायको शकुंतला भाजी निवडता निवडता म्हणाली होती, “झाड आहे हे कळतं, पण उन्हात बघितल्यासारखं नाही वाटत. तापात बघितल्यासारखं वाटतं.” त्याला राग आला होता. आणि ती म्हणते तेच बरोबर आहे म्हणून आणखीच राग आला होता.

सांगलीहून परत आल्यावर चारच दिवसांनी, भर दुपारी, परसदारी एक माणूस डोक्यावर गुळाची ढेप घेऊन आला. शकुंतला “नको बाबा गूळ” म्हणेपर्यंत तो आत आला, ढेप खाली ठेवली आणि दाराला कडी घातली.

“मास्तर, वळखलं का?”

दाढी वाढली होती तरी गंगाधरनं ओळखलं. कृष्णात. बोर्डिंगात राहून शिकायचा, उंब्रजकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. भूमिती चांगली, फुलं-पानं काढायला सांगितलं की कंटाळा करायचा. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर तो भूमिगत झाल्याचं सगळ्या साताऱ्याला माहीत होतं.

“अरे, तू इथं? तुझ्या नावानं वॉरंट—”

“हळू बोला. वैनी, वाईच पानी द्या.” तो भिंतीला टेकून बसला. समोरच्या बाजूला चित्र होतं, पण त्यानं ते बघितलंही नाही. पाणी घटाघटा पिऊन तो म्हणाला, “मास्तर, तुमी त्या नांद्रुकाचं चित्र सांगलीत लावलंसा.”

“हो. का रे?”

“आन ते कुटं हाय ते एका मानसाला सांगितलंसा.”

“रसिक होता तो.”

“फौजदार हुता त्यो.”

कृष्णात शांतपणे, पेपर समजावून सांगितल्यासारखा बोलत होता. पोलिसांना नुसती खबर होती, की ओढ्याकाठी एका मोठ्या झाडाखाली भूमिगतांची बैठक भरते. गाव कळलं नव्हतं, झाड कळलं नव्हतं. आता निम्मं कळलं होतं. बैठकीची जागा बदलता आली असती, पण झाडाच्या मागच्या उसात एक खोप होती आणि तिच्यात एक माणूस होता. “पायात गोळी बसलीया. ताप लय हाय. आजून पाच-सा दीस तरी हालवता येत न्हाई.”

“अरे पण मी काय केलं? मी झाड काढलं! त्या झाडाला मी तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून ओळखतो.”

“ते खरं वो. पर आमच्यातली दोगं-तिगं म्हनत्यात, मास्तरनं मुद्दाम खबर दिली. मी त्यास्नी सांगितलं, आमचं मास्तर तसलं न्हवं.” हे त्यानं धीर द्यायला सांगितलं की भीती घालायला, ते गंगाधरला कळलं नाही. कदाचित कृष्णातलाही माहीत नसावं. “फौजदाराला नांद्रुक कशाला म्हनत्यात ते ठावं न्हाई. त्यो हितं येऊन चित्र न्हेनार, झाडाशी लावून बगनार. तवा तुमी येक काम करा. ह्येला पारंब्या काढा.”

“काय?”

“पारंब्या. वड करा त्याचा. तिकडं वड लय हायती, हिंडू द्यात पोलिसांना. फाडू मातुर नगा. फाडलं तर म्हनतील मास्तर कायतरी लपवतोय.”

तो गेला. गूळ तसाच राहिला. गंगाधर चित्रासमोर येऊन उभा राहिला आणि त्याला वाटलं, मोठ्यानं ओरडावं. या जिल्ह्यात एक माणूस असा नाही की ज्याला झाड नुसतं झाड म्हणून बघता येईल? एकाला त्यात सावित्री हवी, एकाला कोळसा, एकाला बोध, एकाला आरोपी, आणि आता एकाला पारंब्या हव्यात! संध्याकाळभर तो माजघरात येरझाऱ्या घालत राहिला. शकुंतला दिवा लावून आली, त्याच्याकडे आणि चित्राकडे बघून म्हणाली, “अहो, काढा ना चार पारंब्या.”

“चार पारंब्या! अगं, नांद्रुक आहे ते.”

“मला कळतंय. पण तिथं माणूस पडलाय तापात.”

“आणि मी दोन वर्षं काय केलं मग?”

“पुन्हा काढा दोन वर्षं,” ती म्हणाली. “झाड कुठं जातंय?” आणि ती पानं घ्यायला आत गेली. भातावर वरण वाढलेलं तसंच निवत राहिलं. त्याला ती बरोबर आहे हे पहिल्या वाक्यालाच पटलं होतं आणि म्हणूनच तिच्याकडे बघवत नव्हतं. पारंब्या खाली येतील म्हणजे नेमक्या कुठून येतील, याचा विचार तो नको नको म्हणत करत होता. डावीकडच्या फांदीवरून एक आली तर ती खोलगटाच्या बरोबर वर येते. तिथं जो पडलेला असेल त्याच्या तोंडावर येते. तिथं कुणी पडलेलं नाही, चित्रात माणूस नाही, तरीही त्याला त्या दोरखंडासारख्या पारंबीनं गुदमरल्यासारखं झालं. माणूस वाचवायचा तर वाचवला पाहिजे, त्यात दोन मतं नाहीत, पण कुणी त्याला एकदा तरी म्हणायला हवं होतं की मास्तर, आम्ही तुमच्याकडे फार मोठं काहीतरी मागतोय. सगळे असे मागत होते की जणू भिंतीला चुना लावायचाय.

सकाळी शाळेत निरोप पाठवून तो घरीच राहिला. चित्र उजेडाला लावलं, तपकिरी रंग पॅलेटवर काढला, त्यात थोडा काळा मिसळला, पुन्हा थोडा तपकिरी. रंग हवा तसा झाला तरी तो मिसळतच राहिला. शेवटी कुंचला भरून त्यानं हात उचलला आणि दारावर थाप पडली.

“वा! काम चाललंय वाटतं,” फौजदार मानसिंगराव आत येत म्हणाले. आज ते खाकीत होते, पण मिशा त्याच होत्या आणि चेहऱ्यावर तेच मन लावून बघणं होतं. “सुंदर. अगदी तसंच आहे. चला मास्तर, आम्हाला प्रत्यक्ष दाखवा. लॉरी उभी आहे.”

गंगाधरच्या हातात भरलेला कुंचला तसाच होता. शकुंतला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण रात्रभर काय करत होतात, एवढं होतं.

लॉरीत चित्र एका शिपायाच्या मांडीवर होतं आणि खड्ड्यागणिक त्याच्या कडा पत्र्यावर आपटत होत्या. गंगाधर दर वेळी दचकत होता. खोपीतल्या माणसाच्या भीतीनं दचकत होता की कॅनव्हासच्या, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं आणि त्याची लाज वाटत होती. उंब्रजला उतरून पायी वाट सुरू झाली. ऊन चढलं होतं. पंधरा वर्षांत इकडे आलो नाही, वाट आठवत नाही, असं गंगाधरनं सांगितलं होतं. मानसिंगरावांची पद्धत सोपी होती. मोठं झाड दिसलं की थांबायचं, शिपायानं चित्र दोन्ही हातांनी समोर धरायचं, मानसिंगरावांनी एकदा चित्राकडे आणि एकदा झाडाकडे बघायचं. एका चिंचेसमोर असं झालं, एका पिंपळासमोर झालं. एका वडासमोर शिपाईच म्हणाला, “सायेब, ह्येला पारंब्या हायती. चितरात न्हाईत.” गंगाधरनं मान खाली घातली. वाटेत हरिबा नावाचा एक म्हातारा म्हशी घेऊन चालला होता. त्याच्यापुढं चित्र धरून मानसिंगरावांनी विचारलं, हे कुठलं झाड. हरिबानं डोळे बारीक केले, जवळ आला, बाजूला झाला.

“झाड हाय व्हय ह्ये?” तो म्हणाला. “मला वाटलं हत्ती हाय.”

शिपाई फस्सकन हसला. मानसिंगरावही हसले. गंगाधरच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं.

मग ओढा आला. आपण इतके अरुंद कसे झालो असं स्वतःलाच विचारत असल्यासारखा तो वाहत होता, आणि त्याच्या काठी नांद्रुक होतं. गंगाधरनं ते ओळखलं आणि त्याला धक्का बसला, कारण ते एक बेताचं झाड होतं. राखी बुंधा, हिरवी पानं, वर भरपूर आकाश. दोन मुळ्या होत्या, पण गुडघ्याएवढ्या नव्हत्या, घोट्याएवढ्या होत्या. पलीकडे ऊस उभा होता, दाट. मुळ्यांपाशी थोडी राख होती आणि विड्यांची थोटकं पडली होती. गंगाधर चालत जाऊन तिथंच उभा राहिला, धोतर सारखं करण्याच्या निमित्तानं त्यानं राख पायानं सारली आणि थोटकं पाचोळ्याखाली ढकलली. शिपायानं चित्र धरलं. मानसिंगरावांनी चित्राकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं.

“हे असेल का हो मास्तर?”

गंगाधरनं मुळ्यांकडे बघितलं. त्याला माहीत होतं, की हा माणूस दोन पावलं पुढे आला, या मुळ्यांच्या मध्ये खाली बसला, मान मागे टाकून वर बघायला लागला, की एकेक रेघ जुळेल. ती डावीकडची फांदी जुळेल, बुंध्याची ती पाठ जुळेल. तुमची बघायची जागाच चुकतेय, एवढं म्हटलं की झालं. मनात त्यानं ते म्हणूनही टाकलं. उसाचं एक पान दुसऱ्यावर घासल्याचा आवाज आला. वारा नव्हता.

“छे,” गंगाधर म्हणाला. “हे कुठलं? ते केवढं मोठं होतं. बहुतेक तोडलं असेल कुणी.”

“मलाही तेच वाटतंय.” मानसिंगरावांनी आणखी एकदा दोन्हींकडे बघितलं आणि खालच्या आवाजात, अगदी आपुलकीनं म्हणाले, “मास्तर, राग मानू नका. पण तुम्हाला झाड जमत नाही. याला तरी बघा, खोड असं सरळ वर जातं, मग फांद्या. माझा मेव्हणा काढतो चित्रं, ओळखू येतात. मुलांना शाळेत हेच शिकवता?”

“हेच शिकवतो,” गंगाधर म्हणाला. त्याचा आवाज रागानं थरथरला, आणि मानसिंगरावांना वाटलं मास्तर शरमले. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

आता जेवायचं आणि परत फिरायचं, असं त्यांनी जाहीर केलं. शिपायांनी ओढ्यावर तोंडं धुतली, भाकऱ्या सोडल्या, कांदा फोडला. गंगाधरच्या हातावरही कुणीतरी भाकरी ठेवली. ती चावत तो उसाकडे पाठ करून बसला, आणि पाठीला कान फुटल्यासारखं त्याला सगळं ऐकू येत होतं. मग मानसिंगराव उठले, पट्टा सैल केला आणि आडवं व्हायला जागा बघू लागले. मुळ्यांच्या मधला खोलगट त्यांना पसंत पडला. ते तिथं उताणे झाले, हात डोक्याखाली घेतले आणि वर बघायला लागले. गंगाधरची भाकरी तोंडातच राहिली. चित्र बुंध्याला टेकवून ठेवलेलं होतं, त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. फौजदाराचे डोळे बुंध्यावरून वर वर चालले होते, सावकाश, जसे जायला हवेत तसे. दिसतंय का? गंगाधरच्या मनात आलं, याला दिसू नये, देवा, याला काही दिसू नये, आणि त्याच वेळी तेवढ्याच जोरानं आलं, दिसू दे, एकाला तरी दिसू दे. दोन्ही इच्छा एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि तो मध्ये घास घेऊन बसला होता.

“मास्तर,” मानसिंगराव वर बघतच म्हणाले.

“काय?”

“तोंडावर ऊन येतंय. ते तुमचं जरा इकडं धरता?”

गंगाधर उठला. त्यानं चित्र घेतलं आणि फौजदाराच्या तोंडावर सावली पडेल असं आडवं धरून मुळीवर बसला. थोड्याच वेळात मानसिंगराव घोरू लागले. शिपाईही पलीकडे लवंडले. उसातून आता आवाज येत नव्हता. सगळे झोपले होते, कदाचित खोपीतला तो तापकरी माणूसही. गंगाधरचे दंड भरून आले, पण चित्र खाली घ्यायची सोय नव्हती. ऊन लागून हा जागा झाला असता, पुन्हा वर बघितलं असतं. हरोळ्या आल्या. एक फळ कॅनव्हासच्या पाठीवर टपकन पडलं आणि घरंगळत गेलं. करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून गंगाधरनं मान मागे टाकली आणि वर बघितलं.

कितीतरी वेळ तो बघत राहिला. बुंधा त्यानं काढला तसाच होता. फांद्याही. पण पानं चुकली होती. त्यानं ती खालून काळपट केली होती, सगळी दाट, बंद. आणि इथं पानांमधून ऊन गाळून येत होतं, प्रत्येक पान खालच्या अंगानं फिकं पोपटी, जवळजवळ पिवळं पेटलेलं होतं, शिरांसकट. हे तेव्हाही असंच असणार. तो रोज इथं पडून हेच बघत असणार आणि हे त्याला आठवलंच नव्हतं. दोन वर्षं त्यानं माजघरात बसून वरचा सगळा भाग चुकवला होता, आणि सावित्री मागणाऱ्या बाईंपासून हत्ती म्हणणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत ते एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्याच्याही नाही! त्याला स्वतःचा संताप आला. जुन्या रंगावर चालणार नाही, पार खरवडून काढावा लागेल, खाली आधी पांढरा द्यावा लागेल, मग लिंबोणी पिवळा, अगदी पातळ. आत्ता, हे ऊन असं आहे तोवर बघून घ्यायला हवं होतं. त्याची रंगांची पेटी साताऱ्यात होती, दोन्ही हात अडकलेले होते, आणि खाली फौजदार उठायचं नाव घेत नव्हता.